ताईचे आकडे

आमच्या फुफ्फुसं तपासायच्या खोलीत सकाळी सातला पेशंट नसतात. तेव्हा यंत्राचीच तपासणी चालते. तीन लिटरच्या मोठ्या सिरिंजने हवा सोडायची, मग सिलिंडरमधला ठरलेला वायू; आणि दर सोमवारी आमच्यापैकी एका धडधाकट माणसाने मास्क लावून सायकल मारायची. त्याचे आकडे दर वेळी तेच आले, की यंत्र ठीक.

नऊ वर्षं तो माणूस म्हणजे आमची सीनियर ताई. "हिचा श्वास ही आपली फूटपट्टी," आमचे डॉक्टर येईल त्याला सांगायचे. मी वयाने लहान, रोज पळणारी. पण माझे आकडे कायम वरखाली. खोटं कशाला बोलू, पोटात दुखायचं माझ्या. ताई रस्ता ओलांडताना अपघातात गेली तेव्हा मी रडले. रडतारडताच मनात आलं, आता सायकलवर मीच.

पहिल्या सोमवारी मास्क लावला, पायडल मारू लागले. पडद्यावर ऑक्सिजन मिनिटाला बाराशे चाळीस मिलिलिटर. ताईचाच आकडा.

"वा," मागून डॉक्टर म्हणाले, "अगदी ताई."

माझं कौतुकही तिच्याच नावाने. संतापून मी मुद्दाम श्वास रोखला. पडद्यावरची श्वासाची रेघ मात्र संथ वर चढत होती, खाली उतरत होती...

मी बोलले नाही. बोलले असते तर जागा गेली असती.

असे पाच सोमवार गेले. सहाव्या सोमवारी, आत कोणी नसताना, मी यंत्रातली ताईची नऊ वर्षांची नोंद पुसून टाकली. सगळी. मग मास्क लावला.

रेघ सपाट. मी धापा टाकत होते, घामाने निथळत होते, आणि रेघ सपाट.

कंपनीचा इंजिनिअर आला. त्याने सिरिंज लावून पाहिली, वायू पाहिला, स्वतः सायकल मारली. सगळं चोख. "यंत्रात काही दोष नाही," तो म्हणाला, आणि माझ्याकडे न बघता बॅग भरू लागला.

डॉक्टर जवळ आले. त्यांनी तळहात माझ्या ओठांसमोर धरला.

"फुंकर मार बघू."

मी जोरात मारली.

त्यांचा हात तिथेच होता.

"मार ना," ते हलकेच म्हणाले.