तीन मिलींची एक मिल

"मॅडम, आमच्या मिलमध्ये माणूस अडकलाय. लवकर या."

उपनिरीक्षक दामिनी साठवणे वरठीला पोचली तोवर माणूस निघाला होता. उजवा हात कोपरापासून चिरडला होता आणि त्याला घेऊन गाडी भंडाऱ्याकडे गेली होती. मागे उरली होती बंद पडलेली राइस मिल आणि अंगणात घोळक्याने उभे असलेले कामगार. घोळके तीन होते.

फोन करणारी मेघा गेटवरच भेटली. नागपूरची मुलगी, मिलचं सगळं मनुष्यबळ तीच सांभाळायची.

"तीन घोळके कशाचे?" दामिनीनं विचारलं.

मेघा जरा ओशाळली. "वरठीवाले, लाखांदूरवाले आणि नाकाडोंगरीवाले."

वैनधारा फूड्स ही कंपनी धान कमी आणि मिली जास्त विकत घेते, असं लोक गमतीनं म्हणायचे. मूळची मिल वरठीची. मग कंपनीनं लाखांदूरची मिल घेतली, तिला कुलूप लावलं आणि माणसं, यंत्रं, खुर्च्या, पंखे सगळं उचलून इथे आणलं. नाकाडोंगरीचंही तेच झालं. गेटवर मोठा फलक होता, 'एक कंपनी, एक कुटुंब'. कुटुंब जेवायला मात्र तीन पंगतींत बसायचं आणि एकमेकांच्या डब्यात डोकावायचंही नाही.

जखमी झालेला प्रविण कापगते हा फिटर. धान वर चढवणारी बादल्यांची उभी पट्टी असते, तिला एलिव्हेटर म्हणतात. तिच्या तळाशी खड्ड्यात एक बादली अडकली होती. ती सोडवायला प्रविण खड्ड्यात उतरला आणि वरून कोणीतरी मोटर सुरू केली.

कोणी केली, हे शोधायची गरजच नव्हती. ऑपरेटर तेजराम निंबार्ते स्वतःच पुढे येऊन उभा होता.

"बटन मी दाबलो," तो म्हणाला.

प्रविण आणि तेजराम दोघेही लाखांदूरचे. एकाच वर्षी तिथल्या मिलमध्ये लागलेले, आता वरठीत राहून एकाच मोटरसायकलवर कामाला येणारे.

दामिनी पॅनलच्या खोलीत गेली. खड्डा तिथून दिसत नव्हता, मध्ये भिंत होती. भिंतीवर लोखंडी पेटी, पेटीत एलिव्हेटरच्या मोटरचे तीन फ्यूज, खाली हिरवं आणि लाल बटन. तिनं सवयीप्रमाणे मोबाइलवर फोटो काढले. तीन मिलींच्या सामानाची खिचडी झालेली, त्यामुळे खोलीत एका जोडीचं काही नव्हतं. खुर्च्या दोन रंगांच्या. फ्यूज दोन पांढरे, एक काळा. हेल्मेटं तर चार तऱ्हांची.

"ही खोली बंद ठेवा," ती मेघाला म्हणाली. मेघानं कुलूप लावून चावी इलेक्ट्रिकल सुपरवायझर योगेंद्र भुरेच्या हातात दिली. पॅनल त्याच्याच ताब्यातलं.

दामिनीला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. कबुली मिळाली होती, साधा अपघात होता. सील ठोकायचा तिनं कंटाळा केला, आणि पुढे याची तिला लाज वाटली.

*

दुसऱ्या दिवशी तेजराम ठाण्यात बाकावर बसून होता. कंपनीनं त्याला कामावरून बाजूला केलं होतं. जबाब पूर्ण झाला की निष्काळजीपणाचा गुन्हा लागणार आणि नोकरीही जाणार, हे त्याला माहीत होतं.

"प्रविण खड्ड्यात आहे हे तुला माहीत होतं?"

"उतरला होता, मालूम होतं."

"मग बटन का दाबलं?"

"मले वाटलं निघाला."

"असं का वाटलं?"

तेजराम पायाच्या अंगठ्यानं फरशी घासू लागला.

"कोणी सांगितलं?"

"कोनी नाई."

"तू जाऊन पाहिलंस?"

"नाई पाहिलो. लिहा मॅडम, माही चूक हाय. लिहून टाका."

गुन्हेगार चूक नाकारतात, कधी कबूल करतात. पण ती आपल्या नावावर लागावी म्हणून घाई करणारा माणूस दामिनीनं क्वचितच पाहिला होता. तिनं पेन खाली ठेवलं.

"तू कोणाला वाचवतो आहेस?"

"कोनालेच नाई," तो म्हणाला आणि भिंतीकडे पाहत राहिला.

चार दिवसांनी योगेंद्रला तिनं मिलमध्येच गाठलं. तो नाकाडोंगरीच्या मिलमधून आलेला. शर्टाचे आणि पँटचे सगळे खिसे फुगलेले. टेस्टर, टेप, तारेचं भेंडोळं, चिमटा.

"एवढं ओझं घेऊन फिरता?"

"सवय हाय, मॅडम. आमच्याकडं जंगलातून लाइन यायची, दिवसातून चारदा फ्यूज जायचा. मालक बोंबलायच्या आत लावा लागे. सगळं जवळच ठेवत असो."

"अपघात झाला तेव्हा कुठे होता?"

"बॉयलरकडं."

"त्याआधी पॅनलकडे गेला होता?"

"नाई. मी कायले जाऊ तिकडं?"

"त्या दिवशी मिलमध्ये घाई होती?"

"होती ना. कंपनीचे मोठे साहेब आणखी एक मिल घ्याच्या बोलणीसाठी येऊन राहिले होते. मेघा मॅडमनं सांगितलं, पाहुणे येतील तवा सारं चालू दिसलं पाहिजे." तो थांबला. "प्रविण कसा हाय?"

"तुम्ही रोज जाता ना दवाखान्यात? मेघा सांगत होती."

"जातो. खालीच असतो. वर नाई जाऊ वाटत."

रोज भंडाऱ्याला जायचं आणि वॉर्डाचा जिना चढायचा नाही, हे दामिनीच्या मनात राहिलं.

*

प्रविणला बोलू द्यायला डॉक्टर तयार झाले तेव्हा त्याचा हात कापून झाला होता. बायको तृप्ती उशाशी होती. रडून रडून तिचे डोळे सुजले होते.

"तेजरामवर केस करू नका, मॅडम," प्रविणनं आधीच सांगून टाकलं. "चूक माही हाय."

"ती कशी?"

"आमच्या लाखांदूरच्या मिलमधी एक रीत होती. मशीनमधी उतराचं तं आधी मोटरचा एक फ्यूज काढाचा आन आपल्याच खिशात घेऊन उतराचं. एक फ्यूज नसला तं मोटर उठत नाई. बाहेर आल्यावर आपल्याच हातानं परत लावाचा. फ्यूज जागेवर दिसला म्हंजे मानूस बाहेर. कोनाले विचाराची गरज नाई."

"ही रीत इथे सगळ्यांना माहीत आहे?"

"नाई. पहिल्याच मीटिंगमधी मेघा मॅडमनं सांगितलं, जुन्या मिलीच्या जुन्या गोष्टी इथं चालनार नाई, मोटर बंद ठेवाले कंपनीचे नवे कुलपं येतील, ते लावाचे. कुलपं आलेच नाई. आमी लाखांदूरवाले चुपचाप आपलंच करत होतो."

"मग त्या दिवशी काय झालं?"

प्रविणनं डोळे मिटले. "घाई होती. फ्यूज काढाले विसरलो. तेजरामनं फ्यूज पाहिला आन सुरू केलं. त्याची काय चूक?"

दामिनीला वाटलं, संपलं. तेजराम कोणाला वाचवत होता ते कळलं. फ्यूजचं नाव घेतलं असतं तर प्रविण निष्काळजी ठरला असता आणि कंपनीनं हात झटकले असते. म्हणून तो गप्प होता.

ती निघाली तशी तृप्ती मागोमाग दारापर्यंत आली. हातात प्लास्टिकची पिशवी.

"ह्यांचे त्या दिवशीचे कपडे हायेत. तुमाले लागतील का? मले पाहवत नाई."

दामिनीनं पिशवी उघडली. रक्तानं कडक झालेली पँट. खिशात काहीतरी जड होतं. तिनं ते काढलं. पांढऱ्या चिनी मातीचा लांबट ठोकळा, दोन्ही टोकांना तांब्याच्या पट्ट्या.

ती वळून वॉर्डात गेली आणि तो ठोकळा पलंगावर ठेवला.

प्रविणनं त्याच्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. तृप्तीला काही कळेना. प्रविण मात्र रडत होता.

*

त्याच दुपारी दामिनीनं पॅनलची खोली उघडायला लावली. मेघा होती, योगेंद्र होता, आणि निरोप धाडून बोलावलेला तेजराम दारात अंग चोरून उभा होता.

"तेजराम, प्रविणनं फ्यूज काढला नव्हता असं तुला वाटतं ना?"

तो दचकला. "तुमाले कोनं सांगितलं?"

"प्रविणनं. तू त्याला सांभाळून घेत होतास आणि तो तुला. दोघंही खोटं बोललात. हा बघ." तिनं पांढरा फ्यूज पुढे केला. "हा त्याच्या खिशात होता. तो विसरला नव्हता. रीतीप्रमाणे फ्यूज घेऊनच उतरला होता."

तेजरामनं फ्यूज हातात घेतला. उलटसुलट करून पाहिला.

"मंग पेटीत तीन कसे होते, मॅडम? मी मोजलो. तीनच होते. म्हनून तं दाबलो."

"तोच प्रश्न आहे. एक खिशात आणि तीन पेटीत. म्हणजे रिकाम्या जागी कोणीतरी चौथा लावला. ज्याला लाखांदूरची रीत माहीत होती तो असं करणार नाही. ज्याला रिकामी जागा म्हणजे गेलेला फ्यूज वाटतो, आणि ज्याच्याजवळ जास्तीचा फ्यूज कायम असतो, तोच करील."

मेघानं नकळत योगेंद्रच्या खिशांकडे पाहिलं.

"जास्तीचे फ्यूज स्टोअरमधी ढिगानं हायेत," योगेंद्र म्हणाला. "कोनीही लावू शकते."

"बरोबर. आता पेटी उघडा."

त्यानं उघडली. तिन्ही फ्यूज पांढरे होते. दामिनीनं मोबाइल मेघासमोर धरला. अपघाताच्या दिवशीचा फोटो. दोन पांढरे, एक काळा.

"त्या दिवसापासून खोलीला कुलूप आहे. तरी काळ्याचा पांढरा झाला. मेघा, काळे फ्यूज कोणत्या मिलचे?"

"नाकाडोंगरीच्या सामानात आले होते," मेघा हळूच म्हणाली.

"आणि कुलपाची चावी?"

मेघाला उत्तर द्यावं लागलं नाही. योगेंद्र पेटीखालच्या भिंतीला टेकून खाली बसला होता.

"फ्यूज लावलात ही चूक होती," दामिनी म्हणाली. "बदललात तेव्हा गुन्हा झाला. तुम्ही बदलला नसता तर माझ्याजवळ तुमच्याविरुद्ध काहीच नसतं."

"रोज वाटे सांगून देतो," योगेंद्र म्हणाला. "पाहुणे गेटवर आले होते. लाइन बंद. मी इकडून जात होतो, पाहिलो तं एक फ्यूज नाई. खिशातला काढला, लावला आन बॉयलरकडं पळालो. तरी खड्ड्याच्या तोंडाकडं पाहिलो होतो, मॅडम, देवाशपथ. आमच्या नाकाडोंगरीत मानूस मशीनमधी उतरला की दुसरा वर तोंडाशी उभा राहते, हलत नाई. तिथं कोनीच उभं नव्हतं. म्हनून समजलो, आत कोनी नाई."

"खाली पाहिलं नाही?"

"अंधार होता. वर मानूस नाई म्हनल्यावर खाली कायले पाहाचं?"

प्रविण आपला फ्यूज खिशात आहे म्हणून निर्धास्त होता. योगेंद्र वर कोणी उभं नाही म्हणून निर्धास्त होता. तेजराम तीन फ्यूज दिसले म्हणून निर्धास्त होता. आपापल्या मिलमध्ये तिघंही बरोबर होते, आणि ते एका मिलमध्ये आले तेव्हा एकमेकांची रीत कोणी विचारली नव्हती.

मेघा पेटीकडे बघत होती. "मी तिन्ही मिलींच्या माणसांची बैठक ठेवली होती. प्रत्येक मिलनं आपली पद्धत सांगायची, असं ठरलं होतं. पाहुणे येणार म्हणून रद्द केली मी."

"तेही जबाबात लिहा," दामिनी म्हणाली. "आणि कुलपं का आली नाहीत, तेही."

"माझी नोकरी जाईल."

"जाईल कदाचित. तेजरामची तर आजच जात होती. तेव्हा त्याला काढायच्या कागदावर तुम्ही सही करायला तयार होतात."

मेघानं मान खाली घातली. योगेंद्र उठून तेजरामसमोर आला. त्याला हात जोडायचे होते, पण ते वर येईनात.

"मले तुह्या घरावरून जाववत नव्हतं," तो म्हणाला. "मी रस्ता बदलला होता."

तेजराम त्याच्या बाजूनं दाराबाहेर निघून गेला. शिवी दिली असती तरी योगेंद्रला बरं वाटलं असतं.

*

संध्याकाळी दामिनीनंच तेजरामला भंडाऱ्याला सोडलं. त्याच्यावर आता गुन्हा नव्हता, कंपनीनं उद्यापासून कामावर बोलावलं होतं.

वॉर्डाच्या दारात तो अडला.

"आत ये," प्रविण म्हणाला.

"कोनत्या तोंडानं येऊ? इतके दिवस मनातल्या मनात तुले शिव्या देऊन राहिलो. म्हनलो, याले एक फ्यूज काढता आला नाई."

"मी का कमी? मले वाटलं, पाहुन्यांच्या भीतीनं तूच दुसरा लावला."

"आन तरी मले वाचवून राहिला होता?"

"तू नव्हता का मले वाचवत?"

तृप्ती स्टूल सरकवून बाजूला झाली. तेजराम तरीही उभाच होता. चादरीखाली उजव्या बाजूला जिथे काहीच नव्हतं, तिथून त्याची नजर निघेना.

"कोनाची चूक निघाली, कोनाची नाई, ते पोलीस पाहतील," तो म्हणाला. "पन बटन तं मीच दाबलो ना, प्रविण."

दामिनीला वाटलं, आता प्रविण नाही म्हणेल. आजारी माणसं, चांगली माणसं असं म्हणतात. प्रविणनं तेजरामकडे नीट पाहिलं.

"हो," तो म्हणाला. "तूच दाबला. आता बस."

तेजराम बसला.