चौतीस अक्षरांचा पत्ता

“फोन आबांकडं दे! तुझ्या पैशानं मला यायचं न्हाय!”

खारकीव्हच्या कुठल्याशा तळघरातून भावाचा तो आवाज आला आणि विजयमालानं मोबाइल कानाशी आणखी घट्ट धरला... दोन वर्षांनी युवराज तिच्याशी बोलला होता, आणि बोलला तो असा! मशीनवर शाळेचा गणवेश अर्धवट पडला होता, बाहेर सोलापूरचं मार्चचं ऊन रणरणत होतं आणि तिकडं, हजारो मैलांवर, तिच्या काळजाच्या तुकड्याच्या डोक्यावर बाँब पडत होते!

मैंदर्गीच्या माळावर मेंढरं राखणाऱ्या गुंडाआबांची ती थोरली लेक. आई गेली तेव्हा युवराज तीन वर्षांचा होता आणि ती एकोणीस. त्याला कडेवर घेऊनच ती शहरात आली; मेंढरं होती तोवर आबा माळावरच राहिले. ती गणवेश शिवू लागली, आलेलं प्रत्येक स्थळ हात जोडून परत पाठवत राहिली... युवराज युक्रेनला डॉक्टरकी शिकायला गेला, तेव्हा “मेंढरं विकून पोराला धाडलं” असं आबा पाहुण्यारावळ्यांत छाती फुगवून सांगत. पुढल्या वर्षी सुट्टीत आलेल्या युवराजला आईची बोरमाळ पेटीत दिसली नाही, आणि त्यानं भर घरात आक्काला चोर म्हटलं! आबा भिंतीकडं तोंड करून बसले. विजयमालाही एक शब्द बोलली नाही. तेव्हापासून युवराजचा फोन यायचा तो फक्त आबांना.

आता लढाई पेटली होती. एटीएम रिकामी, कार्ड चालत नव्हतं. एक बसवाला पोरांना पोलंडच्या सीमेपर्यंत न्यायला तयार होता, माणशी चारशे डॉलरला. पण त्याची बायकोलेकरं आधीच परदेशी पोचलेली, त्यांच्या हाती लागावेत म्हणून त्याला पैसे हवे होते क्रिप्टोत, म्हणजे इंटरनेटवरच्या नाण्यांत. बँकेतून धाडायचे तर तीन-चार दिवस. बस सुटणार आज, तिथल्या दहाला. म्हणजे आपल्या दीडला!

युवराजनं हे काल आबांना सांगितलं, ते तिनं मशीनवर बसल्या बसल्या ऐकलं आणि ती तडक शेजारच्या ऋतुजाकडं गेली. कॉम्प्युटर शिकणारी ती पोर चकितच झाली.

“मावशी, डॉलरच्या भावाला बांधलेलं नाणं असतं ते, मोबाइलवरच घ्यायचं आणि मोबाइलवरूनच पाठवायचं. पण पत्त्याचं एक अक्षर जरी चुकलं ना, तर पैसे गेले! परत मागायला कुठली बँक न्हाय.”

“मग न चुकता करायचं की,” विजयमाला म्हणाली.

सातवी शिकलेली ती बाई! स्वतःच्या पॅनकार्डावर खातं उघडताना चेहऱ्याचा फोटो दोनदा नापास झाला, तिसऱ्यांदा पास झाला. नव्या मशीनसाठी साठवलेले पैसे तिनं त्या खात्यात भरले, नाणी घेतली... आणि आज तिनं फोनवर तसं सांगितलं, तर हा म्हणत होता, तुझ्या पैशानं यायचं नाही!

“युवराज, रुसवा घरी आल्यावर कर की रे...” तिनं विनवलं.

“आईची माळ गिळली तिचा पैसा मला विषासारखा हाय!”

तेवढ्यात खाटेवरचे आबा उठले. सत्तरीचा तो म्हातारा धडपडत आला आणि त्यानं तिच्या हातातून मोबाइल घेतला.

“आबा, नको... माझी शपत हाय!” ती कळवळली.

“गप, विजे. लई दिवस गप बसवलं मी तुला.” त्यांनी मोबाइल तोंडाशी धरला. “पोरा, ऐक. मेंढरं मी विकली न्हायती. रोगानं एका पावसाळ्यात मेली सगळी. बापाची लाज राहावी म्हणून हिनं आपल्या लग्नासाठी ठेवलेली आईची ती माळ मोडली, आन् तुझी पहिली फी भरली. तू हिला चोर म्हनलास, तवा मी भित्र्यावानी गप राहिलो... चोर मी हाय, युवराज!”

 पलीकडून एक हुंदका आला, आणि त्यामागून अगदी लहानपणीचा, हरवलेला आवाज...

“आक्का...”

विजयमालानं डोळे पुसले. रडायला वेळ नव्हता. पाऊण वाजला होता!

“पत्ता धाड. आन् त्या बसवाल्याचं तोंड दाव मला.”

पडद्यावर एक थकलेला, दाढी वाढलेला माणूस आला, मागं खरोखरची बस होती. त्यानं छातीवर हात ठेवून मान लववली. पत्ता आला, चौतीस अक्षरांचा. सकाळपासून शेजारी बसलेल्या ऋतुजानं तो पैसे पाठवायच्या रकान्यात चिकटवला, पण विजयमालाला तेवढ्यानं चैन पडेना. चष्मा सावरून तिनं एकेक अक्षर मोठ्यानं वाचलं आणि तिकडून युवराजनं “व्हय, व्हय” म्हणत जुळवलं. नाणी कुठल्या नेटवर्कवरून, म्हणजे कुठल्या वाटेनं धाडायची, तेही दोनदा विचारून घेतलं.

“पाठवा आता सगळे,” ऋतुजा म्हणाली.

“अगं, नवी सुई आधी चिंधीवर चालवतात. दहाच धाड.”

दहा डॉलर गेले... एक मिनिट... दोन... आणि पलीकडून युवराज ओरडला, “मिळाले! आक्का, त्याच्या बायकोला मिळाले!”

मग तिनं स्वतःच्या बोटानं उरलेले तीनशे नव्वद भरले, ओटीपी टाकला, आणि विठ्ठलाचं नाव घेऊन बटण दाबलं. ऋतुजा तिच्याकडं बघतच राहिली. कॉलेजात एवढी वर्षं शिकून तिचे हात कापत होते आणि ह्या मावशीचे मात्र स्थिर!

आपल्या एक वीसला युवराज बसमध्ये चढला.

नवव्या दिवशी सोलापूर स्टेशनावर तो उतरला, वाळलेला, डोळे खोल गेलेला. गर्दीतून धावत येऊन त्यानं विजयमालाचे पाय धरले.

“आक्का, मी तुला काय काय बोललो... मला मार तू!”

तिनं त्याला उठवून उराशी धरलं. आबा लांब खांबाशी उभे होते, पुढं यायची त्यांना छाती होत नव्हती. युवराजनं त्यांच्याकडं पाहिलं आणि त्याचा चेहरा कठोर झाला.

“तुमी दोन वर्षं बघत बसला, आबा...”

“युवराज!” विजयमालाच्या आवाजाला धार आली, आणि लगेच तो मऊही झाला. “आपल्या घरात एकदा कुणाला तरी चोर म्हणून झालंय. आता परत न्हाय.”

तिनं आबांचा सुरकुतलेला हात ओढून त्याच्या हातात दिला. युवराजनं तो सोडला नाही. त्यानं खांद्यावरची बॅग दुसऱ्या हातात घेतली, आणि बापाला आधार देत तो पुलाचा जिना चढू लागला.