उष्टा माइक

ही गोष्ट खरी आहे. खोटी वाटेल त्याने खुशाल हसावं. माझ्या भाचीचे यजमान, आमचे जावईबापू, तेही आधी हसलेच होते.

रात्र नव्हती. भर दुपार होती, बाहेर लख्ख ऊन. जागा म्हणजे तिच्या घरातली मागची खोली. दाराला जाड रजई टांगलेली, खिडकीला पडदे, मधे एक खुर्ची आणि समोर कॅमेरा. त्या खोलीत बसून मी चहा प्यायलोय. भिण्यासारखं तिथे काही नव्हतं.

घरात तिला आम्ही मैना म्हणतो. लहानपणापासून गळा गोड, आणि तोंड म्हणाल तर दिवसभर चालू. तोच गळा पुढे तिचं पोट भरू लागला. व्हिडिओ करणाऱ्यांना कॉलर माइक लागतात, चिमट्याने शर्टाला अडकवायचे, बोटाच्या पेराएवढे. त्यांची पारख ती व्हिडिओतून सांगायची. कुठला घ्यावा, कुठल्यात पैसे पाण्यात जातील. जावईबापू कॅमेरा सांभाळायचे. तिच्या आवाजावर त्यांचं घर चालायचं.

आणि रोज संध्याकाळी आईला फोन. तिची आई, म्हणजे माझी थोरली बहीण, लांब एकटीच राहते. लेकीचा आवाज कानावर पडल्याशिवाय ताईला घास उतरत नसे.

त्या दुपारी स्वस्त आणि महाग अशी जोडी लावायची होती. स्वस्तातला माइक नवा कोरा आणलेला. महागातला वापरलेला, एका माणसाकडून घेतलेला. त्या माणसाचा मोठा भाऊ कॅमेऱ्यासमोर बसून परातभर खायचा आणि लोक ते बघायचे. बघायचे कमी, ऐकायचे जास्त. चावणं, चोखणं, बोटं चाटणं, सगळं स्पष्ट यावं म्हणून त्याने हा भारीतला माइक घेतला होता.

"मग विकताय का?" मैनेने विचारलं होतं.

"दादा गेला," तो म्हणाला. "खाता खाता."

पुढे विचारायचं तिच्या जिवावर आलं.

आता मैनेची एक खोड सांगतो. या माइकवर स्पंजाची इवलीशी काळी टोपी बसवतात, श्वासाचा फुसफुसाट अडवायला. तार शर्टाच्या आतून ओढून घेताना दोन्ही हात गुंततात, म्हणून मैना ती टोपी ओठांत धरायची. शिंपी टाचण्या धरतो तशी.

"एक दिवस गिळशील," जावईबापू म्हणायचे.

"गिळली तर बरंच. गाळून बोलेन," ती म्हणायची.

त्या दिवशी दोन्ही माइक एकाच कॉलरला लावायचे होते. महागातल्याच्या पेटीत, एका कोपऱ्यात टोपी पडली होती. तिने उचलली आणि ओठांत धरली.

ती... ओली होती.

ओली, आणि कोमट. जिभेला आंबूस, तुपकट चव लागली. कुणीतरी बराच वेळ चघळून बाहेर काढलेल्या घासासारखी. आणि ती पेटी तर कित्येक महिने बंद होती.

तिला शिसारी आली. थुंकणार, इतक्यात जावईबापूंनी टाळी वाजवली.

टाळी म्हणजे त्यांच्या धंद्यात सुरुवात. दोन माइकांचे आवाज नंतर एकमेकांशी जुळवायला ती उपयोगी पडते. टाळी पडली की मैनेचं बोलणं आपोआप सुरू व्हायचं. हाडात मुरलेली सवय.

ती बोलायला लागली. छान बोलली. आवंढाही गिळला असेल मधे, कुणाचं लक्ष असतं?

मग दोघं ऐकायला बसले.

आधी स्वस्तातला. वरच्या मजल्यावर कुणी खुर्ची सरकवली, तीही आली. रस्त्यावरचा हॉर्न आला. शर्टाची खसखस आली. बाजार भरावा तशा त्या गर्दीत मैनेचा आवाज.

मग महागातला. त्याच्यात गोंगाट काढून टाकायची सोय आहे. माणसाचा आवाज तेवढा ठेवायचा, बाकी सगळं बाहेर. खुर्ची गेली. हॉर्न गेला. खसखस गेली. वा, म्हणून तिने मान डोलावली, तोच...

मच्.

ओला आवाज. अगदी कानाला चिकटून.

मच्... मच्... मग एक लांब चोखणं. मग गिळणं.

"च्युइंगगम खात होतीस?" जावईबापूंनी विचारलं.

"कॅमेऱ्यासमोर? मी काय रवंथ करणारी म्हैस आहे?"

त्यांनी पुन्हा लावलं. चित्रात मैना नेहमीसारखीच बोलत होती. शब्द संपला की ओठ मिटायचे, जबडा स्थिर. आणि त्या मिटलेल्या ओठांच्या आत कुणीतरी... सावकाश खात होतं.

"मेलेल्याचा माइक आणलास, तो जेवायला येणारच," जावईबापू म्हणाले. हसले ते एकटेच.

त्यांनी तो माइक स्वतःला लावून पाहिला. त्यांचा आवाज काचेसारखा स्वच्छ. परत मैनेला लावला. मच्, मच्. मग तिने स्वस्तातला उचलला. त्यालाही गोंगाट काढायचं एक लहानसं बटण होतं, इतका वेळ बंद ठेवलेलं. ते दाबलं.

त्याच्यातही आलं.

म्हणजे खोट माइकात नव्हती.

दुसरी कुणी असती तर तिथेच उठली असती. पण मैनेचं कामच पारख करायचं. तिने संगणकावरचं गोंगाट काढायचं चक्र हळूहळू पुढे फिरवत नेलं. तिचा स्वतःचा आवाज पातळ झाला. मग दूर गेला, भिंतीपलीकडून आल्यासारखा. मग...

गेलाच.

मागे उरलं ते फक्त खाणं. लाळेचे धागे तुटल्याचंसुद्धा ऐकू येत होतं.

"यंत्राला एवढंच शिकवलेलं असतं, मामा," ती मला नंतर म्हणाली. "माणसाचा आवाज ठेवायचा आणि गोंगाट काढायचा. त्याने मला काढलं."

एवढं झाल्यावर जावईबापूंनी विचारलं, "ती टोपी कुठंय?"

माइकवर नव्हती. खुर्चीवर नव्हती. जमिनीवर, शर्टात, पेटीत, कुठेच नव्हती. मैनेने गळ्याला हात लावला आणि तशीच न्हाणीघराकडे धावली.

टोपी पडली नाही. उलटीत भलतंच पडलं. जाड, तुपकट, चावून चावून लगदा झालेलं. मधे मांसाच्या शिरा. खूप होतं. एवढ्याशा बाईच्या पोटात मावणार नाही इतकं.

मैना सकाळपासून नुसत्या चहावर होती.

जावईबापूंनी विकणाऱ्याला फोन लावला. त्याला आधी काही कळेचना.

"टोपी? आमच्या माइकला टोपी नव्हतीच हो," तो म्हणाला. "दादा लावूच द्यायचा नाही. चावणं दबतं म्हणायचा."

मग पेटीत काय होतं? तिने ओठांत काय धरलं होतं?

डॉक्टरने घशात बॅटरी मारून बघितलं, नळी घालून बघितलं. "सगळं स्वच्छ आहे," म्हणाला. "दात मात्र जपा. फार झिजलेत."

महागातला माइक त्यांनी पिशवीत बांधून फेकून दिला. फरक पडला नाही. समोर बसलं की मैनेचा आवाज तोच, गोड. पण व्हिडिओ चढवला की लोक खाली लिहायचे, तोंड मिटून खा, किळस येते. हळूहळू काम बंद झालं.

फोनचंही तेच. हल्लीचे फोन आपणहून गोंगाट काढतात म्हणे. संध्याकाळी तिने फोन लावला की ताई वैतागायची. "आधी जेवून घे गं बाई. काय ते मचमच. झालं की मग कर."

मैना रडायची. ताईला तेही ऐकू जायचं नाही.

शेवटी एक दिवस ती माझ्याकडे आली. "मामा, आईशी तुम्ही बोला. माझ्याच फोनवरून लावते, म्हणजे तिला बरं वाटेल. मी तोंड उघडणार नाही." फोन टेबलावर ठेवला, आवाज मोठा केला आणि ओढणीचा बोळा तोंडात कोंबून बसली.

ताईने उचलला. मी 'ताई' म्हणणार, तेवढ्यात तीच खुशीत म्हणाली, "अगंबाई, आज किती स्वच्छ येतोय तुझा आवाज."

मी मैनेकडे पाहिलं. बोळा तसाच होता. डोळे विस्फारलेले.

"हो गं, कधीही ये. विचारायचं काय त्यात?" ताई म्हणाली. "काय करून ठेवू? काय खाशील?"

मग ताई नुसती ऐकत राहिली. बराच वेळ.

"अगं... ते कसं खातात?"

ताई पुन्हा ऐकू लागली.

"बरं. बरं बाई. तू म्हणशील तसं."

मी ओरडलो, "ताई, मी बोलतोय." फोन बंद झाला होता.

लगेच माझ्या फोनवरून लावला. "ताई, तिने काय मागितलं?"

"मामाला सांगू नकोस म्हणालीय," ताई म्हणाली, आणि लाडाने हसली.

मैना अजून आईकडे गेलेली नाही. जाणार नाही म्हणते. ताई मात्र रोज वाट बघते. शेजाऱ्यांनी मला दोनदा कळवलं, तुमच्या बहिणीच्या घरातून वास येतो. म्हणून परवा मी जाऊन आलो. ताई चांगली आहे. गालांवर तकाकी आलीय. स्वयंपाकघराचं दार लावलेलं, आणि दाराखालच्या फटीला माश्यांची काळी रांग. मी नाकाला रुमाल लावला तर तिला राग आला.

"बस की," म्हणाली. "मैना आली की तुलाही वाढते."

मी चहासुद्धा न घेता उठलो. त्या दारामागून काही आवाज येत नव्हता. हे मी माझ्या कानांनी ऐकलेलं सांगतो.

पण माझ्या कानांना गोंगाट काढता येत नाही.