आत्याच्या पायाचा साचा

"आत्याच्या पायाचा साचा तेवढा द्या. बाकी या घरातलं मला काही नको."

लेक दुकानाच्या दारातूनच बोलली आणि म्हातारीच्या हातातली आरी चामड्यातच अडकून राहिली. नणंद जाऊन महिनाही झाला नव्हता, आणि वर्षानुवर्षं तोंड न दाखवलेली पोर आज आली होती ती आईसाठी नव्हे, आत्याच्या आठवणीसाठी... तरी वेडं मन तिचा आवाज ऐकून सुखावलंच!

दुकानाची रीत जुनी होती. पायाचा लाकडी साचा एकदाच कोरायचा, फळीवर ठेवायचा आणि जन्मभर त्यावरच त्या माणसाचे जोडे शिवायचे. घरच्यांची फळी वेगळी होती. तिकडे बोट दाखवून म्हातारी खाली बघत राहिली.

खाली बघायची तिला सवयच होती. नवरा आघाडीवर होता आणि शत्रूची पलटण गावात तळ देऊन होती, त्या काळात या घरात एक मूल जन्मलं. बूट सांधायला येणाऱ्या परक्या शिपायाकडे गावाने लगेच बोट दाखवलं. "मूल माझं आहे," एवढंच ती म्हणाली, आणि गावाने बदनामीची खूण म्हणून तिच्या दाराला डांबर फासलं. नवरा परतला. त्याने मुलीला पदरात घेतलं, पण बायकोशी पुन्हा शब्द बोलला नाही. चामडं हवं असलं तरी नुसतं बोट दाखवायचा. नणंद चांगल्या घरी पडली, तिकडे तिला मूलबाळ झालं नाही, आणि असल्या आईच्या सावलीत पोर नको म्हणून शहाण्या माणसांनी मुलीला आत्याच्या ओटीत घातलं. गावात शहाण्यांना कधी तोटा नव्हता.

लेकीने साचा उचलला, पदराने पुसला आणि तिचा हात थांबला. डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली, हुबेहूब कोरलेली. तिने आपला जोडा काढला. तिचीही करंगळी तशीच चढलेली होती.

"माझा साचा कुठंय?"

म्हातारीने आरी खाली ठेवली.

"माझे जोडे इथूनच यायचे. आत्या म्हणायची, तुझं माप तिकडे आहे. कुठंय ते?"

तो नव्हताच. मुलीचा पाय पुरता वाढला तेव्हा नणंदेनेच निरोप धाडला होता, "वहिनी, माझ्याच साच्यावर शिवा, तंतोतंत बसतं." लढाईनंतर चांगलं लाकूड मिळत नव्हतं, काटकसरी हातांनी दुसरा साचा कोरलाच नाही. जन्मभर जीभ सांभाळली, पण फळी सांभाळायचं राहून गेलं.

"मी त्या शिपायाची आणि तुमची ना? मग आत्याचं माझं रक्ताचं नातंच कुठे होतं? तिचा पाय मला आला कुठून?"

योगायोग म्हटलं असतं तर भागलं असतं. इतकी वर्षं तिरस्कार सोसला, पण आई म्हणून सोसला. खरं सांगितलं की तेवढंही नातं उरणार नव्हतं. पण लेक एका पायातला जोडा काढून समोर उभी होती, आणि तिच्याशी खोटं बोलणं म्हातारीला जमेना.

"तू तिची," ती म्हणाली. "कोवळी होती गं ती. त्या शिपायावर खरोखर जीव जडला होता तिचा. त्याची पलटण हलली, तो कुठे पडला कुणाला कळलं नाही... आणि ही नदीवर निघाली जीव द्यायला. तुझे बाबा आघाडीवर जाताना मला सांगून गेले होते, बहिणीला जप. म्हटलं, माझं लग्न तरी झालंय. मला निदान घर राहील."

"आणि ती गप्प बसली? जन्मभर?"

"तिला बोल लावू नकोस. जोडे न्यायला यायची ती दर वेळी माझ्यापाशी रडून जायची. मीच शपथ घातली होती तिला."

"बाबांना कळलं होतं?"

"नाही."

"शेवटपर्यंत?"

"शेवटी पाणी पाजायला गेले तर त्यांनी तोंड फिरवलं. तेव्हा अगदी ओठांवर आलं होतं माझ्या... पण ते बहिणीचा हात घट्ट धरून होते. कसं सांगणार?"

लेक भिंतीला टेकली. तिला आपलेच शब्द आठवत होते, लग्नाला येऊ नका म्हणून पाठवलेला निरोप आठवत होता.

"मग तुला काय मिळालं, आई?"

म्हातारीने चकित होऊन मान वर केली.

"तू शाळेत जायला लागेपर्यंत मला मिळालीस ना."

लेक वळली आणि दाराकडे गेली. जाणारच, म्हातारीने मनाशी म्हटलं आणि चाचपडत आरी हातात घेतली. लेकीने दार ओढून घेतलं, आतून कडी घातली, आणि परत येऊन चामड्याच्या तुकड्यांत तिच्याशेजारी खाली बसली.