दोन रायफली आणि एक कापलेला शर्ट

आयली कांगासनं नवऱ्याचा, आर्वोचा शर्ट टेबलावर आपटला. पाठीमागचं टोक कात्रीनं कापलेलं होतं.

“हा म्हणे पुरावा,” ती म्हणाली.

मिशिगनच्या उत्तरेला नेम चुकलेल्या शिकाऱ्याच्या शर्टाचं टोक कापून शिकारीच्या कॅम्पच्या भिंतीवर ठोकतात. निव्वळ गंमत. पण यंदा कुणाची तरी गोळी हरणाला न लागता रस्त्यापलीकडच्या स्वयंपाकघरात शिरली, वांडा कोस्कीचा खांदा फुटला, आणि या गमतीवरून पोलिसांनी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आर्वोला चार दिवस कोठडीत डांबलं होतं.

“आर्वो सांगतोय, मी चाप ओढलाच नाही. सौनातल्या वाफेच्या आंघोळीनंतर त्याचा डोळा लागला, जागा झाला तर शर्ट कापलेला. तर म्हणे म्हातारा विसरतो. लेम्पी, त्याला पन्नास वर्षांतल्या एकेका हरणाची शिंगं आठवतात.”

खासगी तपासनीस लेम्पी राउतिओनं कोट चढवला. दीर रेनो नोंदवही घेऊन मागोमाग निघाला, आयलीही.

त्या दिवशी कॅम्पवर दोघेच होते, आर्वो आणि यजमान ड्वेन लाबोन. रायफली एकाच कंपनीच्या, गोळ्याही एकाच मापाच्या. घरात शिरलेली गोळी शेगडीवर आपटून चपटी झालेली, म्हणजे कोणत्या नळीतून आली ते कळायला मार्ग नाही. ड्वेन बडा ठेकेदार, त्यामुळे पोलिसांना त्याचा शब्द पुरला. बळी तो कान पिळी, दुसरं काय!

हवालदार आर्वोची रायफल घेऊन कॅम्पवर आला होता. लेम्पीनं दोन्ही रायफलींचं पुढचं लाकूड उतरवलं, दट्टे काढले, भाग शेजारी शेजारी मांडले.

“मला तर जुळी भावंडं वाटतात, वहिनी,” रेनो म्हणाला.

“आर्वोची जुनी घडण, ड्वेनची नवी. नीट बघा, भाऊजी.”

“नवीला उजव्या अंगाला ही बोटाएवढी कळ आहे. जुनी तिथं सपाट. बाकी सगळं तेच.”

“लिहून ठेवा.” तिनं दोन्ही रायफली पुन्हा जोडल्या आणि ड्वेनला आत बोलावलं.

“काय सांगू, बाई,” ड्वेन म्हणाला. “आर्वो थरथरत आला. मी रायफल त्याच्या हातून घेतली. नळी गरम, मॅगझिन रिकामं, शेवटची गोळी सुटल्यावर राहतो तसा बोल्टचा खटका उघडाच अडकलेला. कळ दाबून बंद केला. मग नेहमीसारख्या दोन्ही साफ करून ठेवल्या.”

“कशी बंद केलीत, दाखवा.”

तिनं उघड्या बोल्टची आर्वोची रायफल त्याच्या हातात दिली. त्याचं बोट सवयीनं उजव्या बाजूला गेलं, सपाट लोखंडावर फिरलं आणि थांबलं.

“हिला कळच नाही,” लेम्पी म्हणाली. “हिच्या बोल्टची मूठ मागे ओढून सोडावी लागते. त्या संध्याकाळी गरम नळीची, रिकामी रायफल तुम्ही बंद केलीत हे खरं. पण कळ असलेली रायफल इथं एकच, तुमची. मग दोन्ही पुसून काढल्यात आणि झोपलेल्या पाहुण्याचा शर्ट कापलात. लाज नाही वाटली?”

ड्वेननं रायफल टेबलावर ठेवली आणि खुर्चीत बसला. “घाबरलो होतो. धंदा, नाव, सगळं गेलं असतं.”

हवालदारानं ड्वेनची रायफल ताब्यात घेतली.

आयली पुढे आली. “काल आर्वोनं मला विचारलं, ‘खरंच मीच गोळी झाडली असेन आणि विसरलो असेन का गं?’ मलाही क्षणभर उत्तर देता आलं नाही. पन्नास वर्षांच्या संसारात पहिल्यांदा.” तिनं ड्वेनचा कोट त्याच्या अंगावर फेकला. “ऊठ. त्याचं उत्तर तू द्यायचंस, त्याच्यासमोर उभं राहून.”