झेलिगने काढून दिलेलं पाणी

खण्...

शांत घरात ओगराळं पाण्याच्या पिंपावर आपटलं.

ही घडलेली गोष्ट आहे. माझ्या आजीची थोरली बहीण फ्रादल, तिच्या घरातली. झाव्रोव गाव, कडाक्याचा हिवाळा, शुक्रवारची दुपार. नवरा अजून बाजारातून यायचा होता. फ्रादल शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाच्या, पावासाठी कणकेच्या वेण्या घालत होती.

आवाज ऐकून ती वळली.

पाच वर्षांची ग्नेसा पाणी पीत होती.

तेच पाणी...

सकाळी तीन घरं पलीकडे राहणारा झेलिग वारला होता. पुस्तकं बांधायचा. छातीच्या दुखण्याने गेला. आम्हा ज्यू लोकांत कुणी गेलं की शेजारपाजारचे साठवणीचं पाणी ओतून देतात. मृत्यूचा दूत त्यात आपली सुरी धुतो म्हणतात.

शेजारच्या बुने मावशीने खिडकीतून विचारलंही होतं, "ओतलंस ना गं? का तुझं पाणी सोन्याचं आहे?"

"ओतलं, मावशी."

खोटं. कारण ते पाणी आदल्या दिवशी झेलिगनेच विहिरीतून काढून दिलं होतं.

लग्नाआधी त्याने तिला मागणी घातली होती. तिच्या वडिलांनी त्याला दारातूनच परत पाठवलं. त्यानंतर सात वर्षं तो तिच्याशी बोलला नव्हता. काल विहिरीवर दोघंच होती. खोकत खोकत त्याने तिच्या हातातला दोर घेतला. एवढंच म्हणाला, "जड आहे. सोड."

त्याच्यासाठी रडायची तिला सोय नव्हती. निदान पाणी तरी राहू दे, इतकंच तिला वाटलं होतं.

"ग्नेसा?"

पोर हलली नाही.

मग खोकली. खोल... पुरुषासारखी.

"जड आहे. सोड."

फ्रादलचे हात कणकेतच थिजले.

"झेलिग... लेकरू आहे रे ते माझं."

"ठाऊक आहे." ओठ ग्नेसाचे, आवाज त्याचा. "बाहेर फार एकटं वाटतं, फ्रादल. एका कोपऱ्यात पडून राहीन. कुणाला कळणारही नाही."

पोरीचे हात बर्फ झाले होते. ओठ निळे पडत चालले होते.

"तू राहिलास तर ती जाईल रे!"

पोर पुन्हा खोकली.

"मग तू सांग. तेव्हा तुझ्या वडिलांनी सांगितलं होतं. आज तुझ्या तोंडून ऐकू दे."

तिने पोरीला छातीशी घट्ट धरलं.

"झेलिग... जा."

काही पडलं नाही, काही फुटलं नाही. खोकला तेवढा थांबला.

फ्रादलने पिंप ओढत नेऊन अंगणात उपडं केलं. त्या थंडीत पाणी बघता बघता गोठायचं. हे गोठलं नाही. दारापासून रस्त्यापर्यंत सावकाश गेलं... मध्ये थबकत, कुणी पाय ओढत जावं तसं.

सांगताना फ्रादल इथे दर वेळी थांबायची. पुढचं तिने फक्त माझ्या आजीला सांगितलं.

ग्नेसा उंबऱ्यात येऊन उभी राहिली होती. गालांवर पुन्हा लाली आलेली. रिकाम्या रस्त्याकडे बघत तिने विचारलं,

"आई... त्यांना कुठे घर आहे का गं?"