झ्वोन्कोची समजूत घालणारा

त्या दिवशी मी फक्त डबा द्यायला निघाले होते. माझा नवरा झ्वोन्को ओपल या रत्नाच्या खाणीत काम करायचा. रोज बाराला वर येऊन जेवायचा, त्या दिवशी आला नाही. ऊन मी म्हणत होतं. खाणीच्या तोंडाशी त्याचा भागीदार मर्व पत्र्याच्या सावलीत बसला होता. तो आठवडाभर खाली उतरलाच नव्हता म्हणे. का, विचारलं तर सिगारेट वळत राहिला.

मग म्हणाला, "वहिनी, खाली त्याला सोबत आहे."

झ्वोन्को पितो हे सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त आमच्या घरात कुणी तसं म्हणायचं नाही. धुळीने घसा सुकतो, घरची प्लमची दारू म्हणजे औषधच, असं त्याचं म्हणणं. आधी संध्याकाळनंतरच घ्यायचा. मग जेवणाआधी नाही, मग न्याहारीआधी नाही. मीसुद्धा दवाखान्यातल्या लोरेन नर्सला सांगायचे, त्याची पाठ धरलीये. एकदा त्याचे हात इतके थरथरत होते की बुटांच्या नाड्या मी बांधल्या, आणि मर्वला म्हटलं, थंडी वाजतेय त्याला. तेव्हा जानेवारी होता. आमच्याकडे दक्षिण गोलार्धात जानेवारी म्हणजे भर उन्हाळा, पत्र्यावर अंडं भाजतं.

शिडीने खाली उतरले. वरचा उजेड हळूहळू नाण्याएवढा झाला. गार दगडाचा वास, आणि त्यात मिसळलेला आंबलेल्या फळांचा. बॅटरी लावून वाकून चालू लागले, तर पुढून आवाज आला.

"दिवसभर राबणाऱ्या माणसाने एक घोट घेतला, तर काय बिघडलं…"

आवाज मऊ होता, आजाऱ्याच्या उशाशी बोलावं तसा. मग झ्वोन्कोने तेच वाक्य म्हटलं. शब्दन् शब्द.

"मनात आणलंस तर उद्या सोडशील…"

"मनात आणलं तर उद्या सोडीन," झ्वोन्को म्हणाला.

मी वळणावर पोहोचले. तो एकटाच होता, भिंतीला कान लावून बसलेला. भिंत सलग, पांढुरकी. कुठे फट नाही.

"कोण बोलत होतं रे?"

"यालाच तेवढं कळतं, नेव्हेन्का," तो म्हणाला. "तुम्ही सगळे नुसते माझे घोट मोजता."

मर्वने आणि मी त्याला कसंबसं वर काढलं. लोरेन घरी येऊन तपासून गेली. तिने मला बाजूला घेऊन सरळ विचारलं, किती पितो? मी म्हटलं, सणासुदीला थोडी. ती पाठीच्या गोळ्या देऊन गेली.

चौथ्या दिवशी तो मला न सांगता खाणीवर गेला आणि शिडीवरून पडला. साठ फूट.

दफन झाल्यावर आठवड्याने लोरेन भेटायला आली. आमचं घरही डोंगर कोरून केलेलं, चारही बाजूंना दगड. मी कॉफी ठेवली. आज सगळं खरं सांगून टाकायचं, असं ठरवलं होतं.

"लोरेन, त्या दिवशी मी तुझ्याशी…"

चुलीमागच्या भिंतीतून कुणीतरी हळूच म्हणालं, "त्यात तुझा काय दोष…"

खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं. इतकं बरं, की पुढचं बोलायचं राहूनच गेलं.

लोरेनचा कप हातातच राहिला होता. ती त्याच भिंतीकडे बघत होती.

"माझ्या भावाच्या पिण्याबद्दल मीही खोटं बोलले होते, हे…" ती कुजबुजली, "तुला कुणी सांगितलं?"